जावयाची चावी

सासूने जावयाकडे काही मागू नये, ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. लेक दिली की आईची मान आपोआप वाकते, आवाज उतरतो, आणि हात पुढे होण्याऐवजी मागे जातात. गोदामावरच्या मावशीही असेच मानत आल्या होत्या. परंतु त्यांचे कामच असे होते की, दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकापुढे हात करून त्यांना एक वस्तू मागावी लागे. ती वस्तू म्हणजे ट्रकची चावी.

मावशी एका मोठ्या गोदामाच्या धक्क्यावर फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर माल उचलणारे मशीन, चालवीत. धक्का म्हणजे गोदामाच्या मागच्या अंगाला बांधलेला, माणसाच्या छातीइतका उंच, लांबलचक सिमेंटचा ओटा. ट्रक पाठमोरे येऊन गोदामाच्या एकेका दारासमोर या ओट्याला टेकत. तरीही ट्रक आणि ओटा यांच्यामध्ये थोडी फट उरतेच. त्या फटीवर एक जाड लोखंडी पाट टाकलेला असे. त्या पाटावरून मावशींचे मशीन माल घेऊन ट्रकच्या पोटात शिरे आणि रिकामे होऊन मागे येई. मशीन, माल आणि माणूस, तिघांचा भार त्या एका पाटावर. पाट मजबूत होता, याविषयी शंका नाही. पण ट्रक हातभर जरी पुढे सरकला, तर पाटाला आधार कशाचा?

म्हणून धक्क्यावर एक रीत होती. ड्रायव्हरने इंजिन बंद करावे, चाकांखाली लाकडी ठोकळे लावावेत, बाजूच्या पायऱ्या चढून वर यावे आणि चावी मावशींच्या तळहातावर ठेवावी. मावशी ती गळ्यातल्या दोरीत ओवून कॉलरच्या आत सोडीत आणि मगच मशीन सुरू करीत. काम संपले की मशीन बाजूला घेऊन, त्याचे काटे जमिनीला टेकवून त्या खाली उतरत आणि ज्याची चावी त्याच्या हातात स्वतः देत. दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही, वरून फेकायची नाही.

ड्रायव्हर लोक थट्टा करीत. त्यांच्यात टोपीवाला म्हणून एक होता. उन्हातान्हात, सावलीत, जेवतानासुद्धा त्याची टोपी डोक्यावरून उतरत नसे. तो म्हणे, "सासवा चाव्या कमरेला लावतात, आमच्या मावशी गळ्यात बांधतात."

"मी तुझी सासू असते ना," मावशी म्हणत, "तर चावी नाही, लेकच परत मागून घेतली असती."

लोक हसत, टोपीवालाही हसे, आणि हसता हसता चावी देई. चावी देण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण सगळेच देत.

ही रीत मावशींची नव्हती, वस्तादांची होती. वस्ताद आता फाटकाजवळच्या खोलीत बसून येणाऱ्या गाड्यांना वाट देत. त्यांची काठी टेबलाला टेकवलेली असे. एके काळी त्यांच्यासारखा मशीन चालवणारा माणूस त्या गोदामात नव्हता. एके दिवशी ते पाटावर असतानाच एका ड्रायव्हरने गाडी काढली. वस्ताद मशीनसह फटीत गेले आणि त्यांचा खुबा कायमचा निकामी झाला. पुढे कामावर परतल्यावर त्यांनी ही चावीची रीत घालून दिली. त्या ड्रायव्हरला त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत. ते एवढेच म्हणत, "त्यानं मला विचारलं नाही, मी त्याला सांगितलं नाही. दोघांचं बोलणं राहिलं, तेवढ्यात पाय गेला."

मावशी त्या वेळी धक्का झाडायच्या कामावर होत्या. नवरा वारलेला, लेक लहान. झाडता झाडता त्या मशीनकडे बघत उभ्या राहत. एकदा वस्ताद काठी टेकीत आले आणि म्हणाले, "झाडूला कंटाळा आला असेल तुझा. बस वर." अशा रीतीने मावशी शिकल्या. पट्टा बांधावा, मागे येताना मान वळवून पाहावे, माल जमिनीलगत ठेवून चालावे, मशीन कलंडू लागले तर उडी न मारता स्टिअरिंग घट्ट धरून बसावे आणि पाय बाहेर काढू नये, हे सर्व वस्तादांनी त्यांना पाठ करून घेतले. चावीचा धडा मात्र पहिला होता. "माणसाच्या शब्दावर आत जायचं नाही," ते म्हणत. "माणूस चांगलाच असतो. पण चांगला माणूससुद्धा विसरतो."

मावशींनी या कामावर लेकीला वाढवले. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, तीत दोघी. लेक शिकली, औषधाच्या दुकानात कामाला लागली, आणि तिचे लग्न एका ट्रक ड्रायव्हरशी झाले. जावई निर्व्यसनी होता, कष्टाळू होता. गाडीची काच स्वतःच्या चष्म्यासारखी पुसणारा. उणे एकच होते, नाकावर माशी बसू देत नसे. मावशी त्याला जावईबापू म्हणत आणि अहोजाहो करीत. लेक कधी कधी हसत म्हणे, "आई, ते तुझ्या मुलासारखे आहेत गं." मावशी म्हणत, "मुलासारखे असतात, मुलगा नसतात. तुला नाही कळायचं."

पुढे जावईबापूंना नवी नोकरी लागली, आणि त्यांच्या गाडीचा फेरा नेमका याच गोदामावर येऊ लागला. पहिल्या दिवशी गाडी धक्क्याला लागली तेव्हा टोपीवाला आणि आणखी काही जण मुद्दाम थांबून राहिले. जावईबापू ठोकळे लावून पायऱ्या चढून वर आले. सासूला मशीनवर बसलेले त्यांनी प्रथमच पाहिले होते.

"आई, हे तुम्ही चालवता? बघून बरं वाटलं."

"चालवते आपली," मावशी म्हणाल्या. "प्रवास ठीक झाला ना? लेक बरी आहे?"

"बरी आहे. तुमची आठवण काढते."

येथे बोलणे थांबले. चावी जावईबापूंच्या हातात होती आणि ते ती बोटाभोवती फिरवीत होते. रीत त्यांच्या कानावर आलेली असावी. मावशींना वाटले, ते आपण होऊन देतील. जावईबापूंना वाटले असेल, मागितली तर देऊ. मावशींचा हात मांडीवरून उचलला गेला, आणि तिथेच पुन्हा बसला.

"आई, तुम्ही निश्चिंत आत जा," जावईबापू म्हणाले. "मशीन आत आहे की बाहेर, मला सीटवर बसून कळतं. तुम्ही आत गेलात की गाडी दबते, बाहेर आलात की उठते. माझी पाठ सांगते मला."

ही गोष्ट खोटी नव्हती. मुरलेल्या ड्रायव्हरला गाडीचे दबणे-उठणे पाठीला कळते, आणि या विद्येचा त्यांना अभिमानही असतो. मावशी बरे म्हणाल्या आणि चावी न घेता आत गेल्या. ते काम बिनघोर पार पडले. गाडी निघून गेल्यावर टोपीवाला जवळ आला.

"मावशी, गळ्यातली दोरी आज रिकामीच लोंबली."

"जावई आहेत ते. जावयापुढे हात पसरू?"

"मग आमच्यापुढे पसरता तो?"

"तुम्ही काय माझे जावई आहात?"

टोपीवाल्याने टोपी मागे सारली. "जावई नसू. पण मावशी म्हणतो ना तुम्हाला? म्हणजे भाचे झालो. जावयाला सूट आणि भाचा सावत्र, असं कुठं असतं का?"

थट्टाच होती ती. मावशींनाही हसू आले. परंतु पुढच्या वेळी टोपीवाल्याने चावी दिली नाही. म्हणाला, "भाचा आहे मी. पाठ माझीसुद्धा तयार आहे." मावशींना त्याच्यावर आवाज चढवता आला नाही, कारण कोणत्या तोंडाने चढवणार? मग दुसरा भाचा झाला, मग तिसरा. चावी कोणी देई, कोणी न देई. धक्क्यावर ज्याच्या त्याच्या मर्जीचा कारभार सुरू झाला. पाण्याच्या टाकीला बारीक चीर पडावी आणि ओल दिसेपर्यंत कोणाला कळू नये, तसे ते झाले.

वस्तादांना फाटकावरून सगळे दिसत असे. एकदा डबा खाताना ते म्हणाले, "जावयाला गोड घास भरवायचा तर घरी भरव. धक्क्यावर नको."

"एकाचं काय एवढं, वस्ताद," मावशी म्हणाल्या.

"एकाचंच असतं नेहमी," वस्ताद म्हणाले, आणि डब्याचे झाकण लावून उठले.

त्या धक्क्यावर दुसरे मशीन चालवणारा गृहस्थ फार अबोल होता, म्हणून त्याला सगळे मुनी म्हणत. कोणी काही विचारले तर तो मानेने उत्तर देई. चावी मागण्याचे काम तो मावशींवरच सोपवून असे. मावशी दोघांसाठी चाव्या घेत आणि त्याच्या गाडीची त्याच्या हाती देत. मावशींचे मागणे सुटले, तसे मुनीला मिळणेही सुटले. त्याने त्याबद्दल तक्रार केली नाही. तक्रार करणे त्याच्या स्वभावातच नव्हते.

ज्या दिवशी ते घडले, त्या दिवशी मुनी टोपीवाल्याची गाडी भरत होता. टोपीवाला सीटवर बसला होता, चावी त्याच्याजवळच होती. त्याची गाडी जराशी तिरकी लागली होती, त्यामुळे शेजारच्या गाडीला मागचे दार उघडता येत नव्हते. शेजारचा ड्रायव्हर खालून ओरडला, "काढ की रे जरा पुढं, माझं दार अडलंय." टोपीवाल्याने उतरून चाकाखालचे ठोकळे काढले आणि पुन्हा वर जाऊन बसला. त्याला पाठीला कळले की गाडी उठली, हलकी झाली. म्हणजे मशीन बाहेर गेले. त्याने गाडी पुढे घेतली.

गाडी उठली होती, हे खरे. परंतु मशीन पूर्ण बाहेर गेले नव्हते. ते मागे येताना पाटावर होते, आणि त्याचा अर्धा भार तेवढा धक्क्यावर आला होता. अर्धा भार उतरला तरी पाठीला गाडी हलकीच वाटते.

मावशी पलीकडच्या दारात होत्या. लोखंड सिमेंटवर आपटल्याचा आवाज त्यांनी ऐकला. पाट खाली गेला होता, मुनीचे मशीन पुढच्या बाजूने फटीत बसले होते आणि त्याचा उभा खांब ट्रकच्या छताच्या कडेला अडकून राहिला होता. तो अडकला म्हणून मशीन पूर्ण उलटले नाही. मुनी पट्ट्यामुळे जागेवरच होता. पण पडताना माणूस पाय टाकतोच. त्याने डावा पाय बाहेर टाकला होता, आणि तो पाय मशीन व ओट्याची कड यांच्यात सापडला होता.

मुनी ओरडला नाही. मावशी त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या तेव्हा तो फक्त म्हणाला, "काढा." त्याच्या तोंडून त्यांनी फार दिवसांनी ऐकलेला तो पहिला शब्द होता.

टोपीवाला खाली उभा होता. त्याची टोपी कोठे पडली होती, कोणास ठाऊक. तो ज्याला त्याला सांगत होता, "पाठीला कळलं होतं. खरंच कळलं होतं."

मुनीला इस्पितळात नेले. पाय वाचला, परंतु गुडघा पुन्हा वाकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. गोदामाच्या साहेबांनी टोपीवाल्याला धक्का बंद केला. मावशी साहेबांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "त्यानं गाडी काढली हे खरं. पण चावी त्याच्याजवळ राहिली ती माझ्यामुळं." साहेब म्हणाले, "मावशी, आता असू द्या." मावशी म्हणाल्या, "नाही, असू द्यायचं नाही," आणि तेवढे बोलून कामावर गेल्या.

जावईबापूंची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई, तिकडचं सगळं कळलं. तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे."

"आई, उद्या त्यांच्याकडं चावी मागणार आहेस?"

"का गं?"

"सगळ्यांच्या समोर मागू नकोस. त्यांना लागतं. बोलत नाहीत मग दोन-दोन दिवस. घरात मला राहायचंय, आई."

लेक चूक बोलत नव्हती. तिचा संसार नवा होता, आणि अबोल्याचे घर किती थंड असते हे मावशींना ठाऊक होते. त्यांनी फोन ठेवला, ताट वाढून घेतले आणि तसेच झाकून ठेवले. उद्या तोंड बंद ठेवले तर कोणी काही म्हणणार नव्हते. घडायचे ते घडून गेले होते आणि आता थोडे दिवस सगळेच जपून वागले असते. थोडे दिवसच.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंची गाडी लागली. धक्क्यावर नेहमीचे लोक होते, पण थट्टा कोणी करत नव्हते. मुनीचे मशीन कोपऱ्यात ताडपत्री घालून उभे होते. जावईबापू पायऱ्या चढून वर आले. मावशी मशीनवरून उतरल्या, त्यांच्यासमोर गेल्या आणि हात पुढे केला.

"जावईबापू, चावी द्या."

जावईबापूंचा चेहरा उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "आई, काल-परवापर्यंत चालत होतं."

"चालत नव्हतं. मी चालवून घेत होते."

"त्या टोपीवाल्यात आणि माझ्यात काही फरक आहे की नाही? माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

मावशींनी हात मागे घेतला नाही. "लेक दिली तुम्हाला. याहून मोठा विश्वास मी कुठून आणू? पण पाटावर विश्वास घालता येत नाही. तिथं चावीच लागते."

जावईबापूंनी चावी त्यांच्या हातात दिली नाही. ते पायऱ्या उतरून खाली गेले आणि खालूनच ती ओट्याच्या कडेवर ठेवली. मग पाठ फिरवून गाडीच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

मावशींचे गुडघे दुखरे होते. त्या कडेपाशी गेल्या, एक हात टेकून वाकल्या आणि चावी उचलली. दोरीत ओवली. मशीन सुरू केले. काम संपल्यावर पायऱ्या उतरून त्यांनी ती जावईबापूंच्या हातात दिली.

त्या दिवसापासून पुन्हा प्रत्येकाची चावी मावशींच्या गळ्यात येऊ लागली. भाचे सगळे सरळ झाले. जावईबापूंची तेवढी वेगळी तऱ्हा राहिली. ते यायचे, ठोकळे लावायचे, चावी कडेवर ठेवायचे आणि पाठ फिरवायचे. मावशी वाकून उचलायच्या. लेकीचे येणे कमी झाले. फोनवर ती म्हणे, "बरं आहे सगळं," आणि लगेच दुकानात गिऱ्हाईक आल्याचे सांगे. मावशी तिला काही विचारत नसत. वस्तादांनी एकदा विचारले, "दुखतं का गं फार?" मावशी म्हणाल्या, "गुडघा होय? सवयीचा झालाय." वस्तादांनी गुडघ्याविषयी विचारले नव्हते, हे दोघांनाही माहीत होते.

पुष्कळ महिन्यांनी मुनी कामावर आला. एक पाय काठीसारखा सरळ. साहेबांनी त्याला बैठे काम देऊ केले होते, परंतु त्याने मान हलवून नकार दिला आणि मशीनवरची ताडपत्री काढली. पाय ठेवायची जागा त्याच्यासाठी नीट करून देण्यात आली होती. मावशींनी त्याला त्या दिवशी एकच गोष्ट सांगितली. "आता तुझी चावी तू माग. मी घेऊन देणार नाही." मुनीने मान हलवली.

त्याच्या दाराला लागलेली पहिली गाडी जावईबापूंची होती.

मावशी शेजारच्या दारात मशीनवर होत्या. तेथून त्यांना अर्धेच दिसत होते, परंतु तेवढे पुरेसे होते. जावईबापूंनी ठोकळे लावले, सवयीप्रमाणे खालूनच चावी कडेवर ठेवली आणि पाठ फिरवली. मुनी मशीनवरून सावकाश उतरला. कडेपाशी आला. त्याने वाकण्याचा प्रयत्न केला. पाय आडवा आला. त्याने एका हाताने दाराची चौकट धरून पाहिले, तरीही हात चावीपर्यंत पोहोचेना. मग तो सरळ उभा राहिला आणि त्याने तळहात पुढे करून धरला. बोलला नाही. त्याला बोलायचे असते तरी काय बोलणार होता?

मावशींचा हात पट्ट्याकडे गेला. उतरून चावी उचलून द्यावी, असे त्यांना वाटले. त्यांनी तो हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. ही चावी उचलणे त्यांचे काम नव्हते.

बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही म्हणून जावईबापूंनी वळून पाहिले. त्यांना आधी तो तळहात दिसला, मग तो पाय. नंतर त्यांनी कडेवरची चावी परत उचलली, बाजूच्या पायऱ्यांकडे गेले, एकेक पायरी चढून वर आले आणि चावी मुनीच्या हातात ठेवली. ठेवून हात लगेच काढला नाही.

"घाई करू नका," ते मुनीला म्हणाले. "मी खाली सावलीतच आहे. गाडीत बसत नाही."

मुनीने चावी शर्टाच्या खिशात घातली, वरून बटण लावले आणि मशीनवर चढला.

पुढच्या फेरीला गाडी मावशींच्या दाराला लागली. मावशी सवयीने कडेकडे निघाल्या होत्या, तोच पायऱ्यांवर पावले वाजली. जावईबापूंनी चावी त्यांच्या हातात दिली. त्यांची नजर मात्र गोदामाच्या भिंतीकडे होती.

मावशींनी चावी दोरीत ओवली. पुष्कळ बोलण्यासारखे होते, पण ते धक्क्यावर बोलण्याजोगे नव्हते.

"ठोकळे लावले?" त्यांनी विचारले.

"लावलेत, आई." थोडे थांबून जावईबापू म्हणाले, "रविवारी आम्ही दोघं येतोय. ती म्हणाली, विचारून ये."

"माझ्या घरी यायला विचारायचं कशाला," मावशी म्हणाल्या, आणि पट्टा बांधून पाटावरून आत गेल्या.